लोणारचा उतारा, पंधरापैकी पाच गुण : दहावीच्या अपठित इंग्रजी उताऱ्याचा प्रकरण अभ्यास

दहावीची मराठी माध्यमाची विद्यार्थिनी, इंग्रजी तृतीय भाषा. जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेत तिला ८० पैकी ४१ गुण मिळाले. पत्र, बातमी, भाषांतर आणि पाठ्यपुस्तकातले उतारे बरे गेले होते. चौथा प्रश्न म्हणजे अपठित, म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरचा न वाचलेला उतारा आणि त्याचाच सारांश, मिळून १५ गुण. त्यात तिला ५ मिळाले. घरी आणि शिकवणीत एकच निदान झालं : शब्दसाठा कमी आहे. उपायही लगेच ठरला : रोज वीस शब्द पाठ करायचे आणि रोज एक नवा उतारा सोडवायचा.

हे निदान बहुतेक वेळा चुकतं आणि त्यापायी परीक्षेआधीचे मोलाचे आठवडे वाया जातात. ते का चुकतं हे इथे एकच उत्तरपत्रिका शेवटपर्यंत तपासून दाखवलं आहे. ही उत्तरपत्रिका नमुन्यासाठी रचलेली आहे. तिच्यातल्या चुका मात्र मराठी माध्यमाच्या वर्गांत सर्रास दिसतात, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही त्या पाहताक्षणी ओळखू येतील.

कृतिपत्रिकेत उताऱ्यांचं वजन

राज्य मंडळाची तृतीय भाषेची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तीन तासांची असते. तिच्या प्रश्नपत्रिकेला कृतिपत्रिका आणि उपप्रश्नांना कृती म्हणतात. दुसऱ्या प्रश्नात पाठ्यपुस्तकातले दोन उतारे असतात, प्रत्येकी १० गुणांचे. चौथ्या प्रश्नात बाहेरचा उतारा १० गुणांना आणि त्याचा सारांश ५ गुणांना असतो. म्हणजे ३५ गुण थेट गद्य उताऱ्यांवर अवलंबून असतात. प्रत्येक उताऱ्याखाली पाच कृती, प्रत्येकी २ गुणांच्या : साधी माहिती, थोडी गुंतागुंतीची माहिती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि स्वमत (विषयावर स्वतःचं मत लिहिणं).

दुसऱ्या प्रश्नातले गुण या विद्यार्थिनीला चांगले पडले होते, कारण ते उतारे वर्गात झालेले होते आणि गाईडमधली उत्तरं पाठ होती. त्या गुणांवरून तिला न पाहिलेला मजकूर वाचून समजतो का, हे कळत नाही. ते चौथ्या प्रश्नातच कळतं.

उतारा काय होता

उतारा लोणार सरोवरावरचा, तीन परिच्छेदांचा, बारा वाक्यांचा. पहिल्या परिच्छेदात पाच वाक्यं : सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे, विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि बेसॉल्ट खडकातलं आहे. ‘इट वॉज नोटिस्ड बाय अ ब्रिटिश ऑफिसर, सी. जे. ई. अलेक्झांडर, इन १८२३’. बराच काळ लोक त्याला ज्वालामुखीचं मुख समजत. आणि पाचवं वाक्य ‘हाउएव्हर’ने सुरू होऊन सांगतं की उल्का आदळल्यामुळे ते तयार झाल्याचं पुढच्या अभ्यासातून दिसलं. दुसऱ्या परिच्छेदात तीन वाक्यं : पाणी ‘नॉट ओन्ली सॉल्टी बट ऑल्सो अल्कलाइन’ आहे, ‘देअरफोर, फिश कॅन हार्डली लिव्ह इन इट’, काही सूक्ष्मजीव मात्र त्यातच वाढतात. तिसऱ्यात चार : जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना असं आढळलं की मीठ मानवणारे सूक्ष्मजीव, ‘व्हिच प्रोड्यूस अ पिंक पिगमेंट’, वाढले होते, ‘दे’ वाढले कारण पाण्याची पातळी उतरून क्षारता वाढली होती, आणि त्याच वर्षी सरोवराचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला.

विषय ओळखीचा आहे. गुलाबी लोणारच्या बातम्या घराघरांत वाचल्या गेल्या होत्या. तरीही गुण गेले, म्हणून हा उतारा निदानासाठी चांगला ठरतो. विषयच माहीत नव्हता असं म्हणायला इथे जागा उरत नाही.

दहा गुण कुठे गेले

पहिली कृती चूक की बरोबर, चार विधानं, प्रत्येकी अर्धा गुण. १८२३ आणि २०२० ची विधानं बरोबर आली. ‘विवर ज्वालामुखीमुळे झालं’ या विधानाला तिने बरोबर म्हटलं, कारण ज्वालामुखी हा शब्द उताऱ्यात सापडला. पुढच्या वाक्यातल्या ‘हाउएव्हर’ने आधीचा समज खोडून काढला आहे, तिकडे नजर गेलीच नाही. ‘सरोवरात पुष्कळ मासे आहेत’ हेही बरोबर ठरवलं. ‘फिश’, ‘कॅन’, ‘लिव्ह’ हे तिन्ही शब्द ओळखीचे आणि मधला ‘हार्डली’ (‘जवळजवळ नाहीच’) ‘हार्ड’सारखा वाटला, म्हणून सोडून दिला. एक गुण गेला.

दुसऱ्या कृतीत दोन कारणं विचारली होती. पाणी गुलाबी का झालं? तिने अकरावं वाक्य जसंच्या तसं उतरवलं : ‘दे हॅड इन्क्रीज्ड बिकॉज…’. हे ‘दे’ कोण, ते उत्तरात कुठेच नाही. अर्धा गुण मिळाला. मासे का जगत नाहीत? इथे तिने ‘देअरफोर’ने सुरू होणारं वाक्य लिहिलं. ते वाक्य परिणाम सांगतं. कारण त्याच्या आधीच्या वाक्यात आहे. शून्य. एकूण दीड गुण गेला.

शब्दसंपत्तीच्या कृतीत चारपैकी दोन शब्द चुकले. त्यातली एक चूक पाहण्यासारखी आहे. ‘ग्रू इन नंबर’ या अर्थाचा शब्द शोधायचा होता, तर तिने ‘मायक्रोब्स’ लिहिलं. विचारलं क्रियापद, दिलं नाम. खरं तर ‘मल्टिप्लाय’ तिला गणितामुळे माहीत होतं. गुणाकार म्हणजे संख्या वाढणं, इथपर्यंत ती सहज पोचली असती. फक्त विचारलेला शब्द कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहिलं नाही. एक गुण गेला.

व्याकरणात ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’चं ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’मध्ये रूपांतर करताना जुनं ‘बट ऑल्सो’ तसंच राहिलं. दुसऱ्या वाक्याचा प्रयोग बदलताना ‘वेअर टेस्टेड’ऐवजी ‘वेअर टेस्ट’ लिहिलं. प्रत्येकी अर्धा, मिळून एक गुण.

स्वमत कोरं. दोन गुण.

सारांशात उताऱ्याची पहिली पाच वाक्यं उतरवलेली होती. गुलाबी पाण्याचा उल्लेखच नाही. शीर्षकाच्या जागी ‘लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे’ या अर्थाचं पूर्ण वाक्य. पाचपैकी दीड. साडेतीन गुण गेले.

बेरीज केली की गमावलेल्या दहा गुणांत शब्दसंपत्तीच्या कृतीचा वाटा फक्त एका गुणाचा निघतो, आणि त्यातलाही अर्धा शब्दाची जात न पाहिल्यामुळे गेलेला. साडेपाच गुण स्वमत आणि सारांश या दोन लेखनाच्या कृतींत गेले. अडीच गुण वाक्यांमधले दुवे न कळल्यामुळे. रोज वीस शब्द पाठ करून यातलं फारसं काही भरून निघणार नव्हतं.

निदानाच्या तीन पडताळण्या

गुणांच्या हिशेबावरून अंदाज बांधता येतो. तो खरा की खोटा हे ठरवायला पुढच्या तीन पडताळण्या पुरतात. पहिल्या दोन एका बैठकीत, तासाभरात होतात, तिसरी दोन दिवसांनी, आणि घरातलं कुणीही त्या घेऊ शकतं.

पहिली : उतारा समोर ठेवून एकेक वाक्य मराठीत सांगायला लावायचं. सुबक भाषांतर नको, कोणी काय केलं एवढंच. आपल्या विद्यार्थिनीने बारापैकी आठ वाक्यं नीट सांगितली. अडली ती पाचवं, सातवं, दहावं आणि अकरावं. या चारांत तिला खरोखर न येणारा शब्द एकच होता, ‘पिगमेंट’. बाकी अडचण वाक्याच्या बांधणीची.

दुसरी : प्रत्येक उत्तराला ‘कुठून?’ असं विचारायचं आणि त्या वाक्यावर बोट ठेवायला सांगायचं. ही पडताळणी सर्वांत जास्त सांगून जाते. बोट योग्य वाक्यावर पडलं आणि उत्तर चुकलं, तर लिहिण्यात अडचण आहे. बोट भलत्याच वाक्यावर पडलं, तर प्रश्नातला एखादा शब्द पकडून उताऱ्यात तोच शोधण्याची सवय आहे. बोट फिरतच राहिलं, तर उतारा वाचून झालेलाच नाही. तिचं बोट चारदा भलत्या वाक्यावर गेलं, आणि प्रत्येक वेळी त्या वाक्यात प्रश्नातला एक शब्द होता.

तिसरी : तीच कृतिपत्रिका दोन दिवसांनी वेळेचं बंधन न ठेवता पुन्हा सोडवायची. तिचे ५ चे ७ झाले. वाढलेले बहुतेक गुण स्वमताचे होते, कारण आता तिथे पोचायला वेळ मिळाला. मूळ परीक्षेत तिने दुसऱ्या प्रश्नावरच सव्वा तास घातला होता. १८० मिनिटं आणि ८० गुण, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं. या हिशेबाने दुसऱ्या प्रश्नाला ४५ मिनिटं आणि चौथ्याला साधारण ३५ मिनिटं येतात. पाठ्यपुस्तकातलं येतं म्हणून तिथे पान भरून लिहायचं आणि चौथ्या प्रश्नाला उरेल तो वेळ द्यायचा, ही वाटणी फार महागात पडते.

वाक्य कुठे निसटतं

अडलेल्या चार वाक्यांचं कारण मराठीच्या आणि इंग्रजीच्या वाक्यरचनेत आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

मराठीत ‘जे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात, ते वाढले होते’ असं आपण म्हणतो. ‘जे’चं उपवाक्य आधी संपतं, मग ‘ते’ येतं आणि क्रियापद शेवटी. इंग्रजीत कर्ता आधी, मग दोन स्वल्पविरामांच्या मध्ये ‘व्हिच’चं उपवाक्य आणि त्यानंतर मुख्य क्रियापद. मराठी डोळा पहिलं सापडलेलं क्रियापदच मुख्य धरतो. इथे ते ‘प्रोड्यूस’. मग ‘हॅड मल्टिप्लाइड’ कुणाचं ते कळत नाही आणि सगळं वाक्य सुटतं. उपाय यांत्रिक आहे, पण खात्रीचा : ‘व्हिच’, ‘हू’, ‘दॅट’चं उपवाक्य पेन्सिलीने कंसात टाकायचं, आधी कंसाबाहेरचं वाक्य वाचायचं, नंतर कंस उघडायचा.

कर्मणी प्रयोगातही असाच घोटाळा होतो. ‘इट वॉज नोटिस्ड बाय अ ब्रिटिश ऑफिसर’ याचा अर्थ अनेक मुलं ‘त्याने अधिकाऱ्याला पाहिलं’ असा लावतात. ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ आणि त्यानंतर क्रियापदाचं तिसरं रूप दिसलं की ‘बाय’नंतरचा माणूस काम करणारा, एवढं पक्कं झालं पाहिजे. व्याकरणाच्या कृतीतले ‘वेअर टेस्ट’सारखे घोटाळेही याच अभ्यासाने कमी होतात. दोन वेगळे धडे शिकवायची गरज नसते.

सर्वनामांसाठी बाण. प्रत्येक ‘इट’, ‘दे’, ‘धिस’, ‘देअर’पासून ज्या नामाऐवजी ते आलं आहे त्या नामापर्यंत बाण काढायचा. आणि उत्तर लिहिताना नियम एकच : उत्तराची सुरुवात सर्वनामाने करायची नाही, तिथे नाम घालायचं. कारणांच्या कृतीत एवढ्यानेच अर्धे अर्धे गुण परत येतात.

जोडशब्दांची यादी छोटी आहे आणि ती मात्र पाठ हवी. वळण देणारे : बट, हाउएव्हर, दो, येट, इन्स्टेड. कारण सांगणारे : बिकॉज, सिन्स, ड्यू टू. परिणाम सांगणारे : सो, देअरफोर, अ‍ॅज अ रिझल्ट. यांच्यासोबत ‘नॉट’ न दिसता नकार सांगणारे शब्द : हार्डली, सेल्डम, अनलेस, ‘अ’ न लावलेलं फ्यू आणि लिटल, आणि ‘टू वीक टू वॉक’सारखी रचना. चूक की बरोबरच्या कृतीत सापळा बहुतेक वेळा याच शब्दांवर लावलेला असतो, कारण वरवर वाचणारा इथेच फसतो.

पाच आठवड्यांचं काम

पूर्वी परीक्षा मार्चच्या सुरुवातीला असायची. २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. पूर्वपरीक्षेनंतर हातात महिनाभर, फार तर पाच आठवडे राहतात. म्हणून रोज एक उतारा हे वेळापत्रक मोडून आठवड्याला तीन उतारे ठेवले, प्रत्येक दोन दिवसांचा. रोज सोडवलेला उतारा उत्तरसूचीशी ताडून मिटवला जातो आणि चूक का झाली हे कुणी पाहत नाही. तीच चूक पुढच्या तीस उताऱ्यांत तशीच राहते.

पहिल्या दिवशी घड्याळ लावून ३५ मिनिटांत सगळा प्रश्न सोडवायचा. दुसऱ्या दिवशी घड्याळ नाही : कंस, बाण, जोडशब्दांना गोल, प्रत्येक उत्तराजवळ पुराव्याच्या वाक्याचा क्रमांक. शेवटी त्याच उताऱ्यावर स्वतः दोन प्रश्न तयार करायचे, त्यातला एक ‘हाउएव्हर’ किंवा ‘हार्डली’सारख्या शब्दावर सापळा लावून. असा प्रश्न ज्या मुलीला लिहिता आला, ती पुढे त्यात अडकत नाही.

उतारे कुठून आणायचे? मागच्या परीक्षांच्या कृतिपत्रिका हव्यातच. त्यांच्यासोबत एक साधन फार उपयोगी पडतं आणि ते फुकट आहे : बालभारतीची सहावी-सातवीची विज्ञानाची इंग्रजी माध्यमाची पुस्तकं. तोच धडा मराठीतही उपलब्ध असतो, दोन्ही पीडीएफ संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. आशय माहीत असतो, त्यामुळे लक्ष वाक्याकडे देता येतं. दीडशे शब्दांचा तुकडा घ्यायचा, आधी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचं, मग मराठी पुस्तक उघडून ताडायचं. पहिले दोन आठवडे उताऱ्यांसोबत हेही केलं. सातव्या प्रश्नातल्या भाषांतराचाही सराव यातून होतो.

दुसऱ्या आठवड्यात वेग कमी होतो. आधी ३५ मिनिटांत संपणारा प्रश्न ४५ मिनिटांवर जातो आणि घरचे धास्तावतात. बाण आणि कंस काढायला वेळ लागतो, हे स्वाभाविक आहे. या टप्प्यावर पद्धत सोडून दिली तर सगळं फुकट जातं. तिसऱ्या आठवड्यात उलटी अडचण येते : पान खुणांनी भरतं आणि उत्तरं तशीच राहतात. मग नियम केला की खुणा फक्त अडलेल्या वाक्यात. चौथ्या आठवड्यापासून पेन्सिल बंद. परीक्षेत प्रश्नपत्रिकेवर खुणा करता येतील असं गृहीत धरू नये. तेच काम नजरेने आणि बोटाने करता आलं पाहिजे.

सारांशासाठी उतरवून काढण्याची सवय मोडायची, तर उतारा झाकावा लागतो. प्रत्येक परिच्छेदाची चार-पाच शब्दांत नोंद करायची, मराठीत केली तरी चालेल, आणि पान झाकून त्या नोंदींवरून इंग्रजीत पाच-सहा वाक्यं लिहायची. लोणारच्या उताऱ्याच्या नोंदी अशा झाल्या : उल्केने झालेलं विवर; खारं, अल्कधर्मी पाणी, मासे नाहीत; सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी, रामसर यादी. अधिकाऱ्याचं नाव आणि व्यास गळले, तर बिघडत नाही. लांबी मूळ उताऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. शीर्षक तीन ते पाच शब्दांचं, क्रियापदाशिवाय. ‘द पिंक लेक’ हे आकर्षक आहे, पण ते एकाच परिच्छेदाचं शीर्षक झालं. ‘लोणार : अ रेअर लेक’ तिन्ही परिच्छेदांना पुरतं.

स्वमताला तीन ते चार वाक्यं पुरतात : एक मत, एक कारण, आपल्या गावातलं एक उदाहरण. ‘तुमच्या जवळच्या तलावासाठी काय कराल?’ याला उताऱ्यातली वाक्यं लिहून चालत नाही. विसर्जनाचं निर्माल्य, कपडे धुण्याचा साबण, प्लास्टिक, यांपैकी जे डोळ्यांसमोर आहे तेच लिहायचं. शुद्धलेखनाच्या भीतीने कोरं सोडण्यापेक्षा साध्या तीन वाक्यांत दीड गुण सहज मिळतो. आकृती किंवा तक्ता पूर्ण करायचा असेल, तर तो उत्तरपत्रिकेत पूर्ण काढून त्यात उत्तरं लिहायची, नुसते शब्द ओळीने लिहायचे नाहीत.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी

नव्या उताऱ्यावर तिचे १५ पैकी १०½ आले : पहिल्या कृतीत २, दुसरीत १½, शब्दसंपत्तीत १, व्याकरणात १½, स्वमतात १½, सारांशात ३. शब्दसंपत्ती जिथे होती तिथेच राहिली, आणि हे अपेक्षितच होतं. पाच आठवड्यांत शब्द वाढत नाहीत. त्यासाठी आठवीपासून वाचन लागतं. उरलेल्या दिवसांत तिथे एवढंच करता येतं : विचारलेला शब्द नाम, क्रियापद की विशेषण हे आधी ठरवायचं, कृतीत दिलेल्या परिच्छेदातच शोधायचं आणि ‘अन’, ‘डिस’, ‘लेस’, ‘फुल’, ‘नेस’ हे उपसर्ग-प्रत्यय ओळखायचे.

वेळेसाठी चौथा प्रश्न पुढे घेतला : पहिला प्रश्न, मग थेट चौथा, मग दुसरा. ताज्या डोक्याने नवा उतारा वाचायचा आणि पाठ असलेलं नंतर लिहायचं, हा क्रम तिला मानवला. ३५ मिनिटांतली सहा-सात वाचनाला, सोळा पाच कृतींना, बारा सारांशाला. प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी देण्याची पद्धत २०२३ पासून बंद झाली आणि ती दहा मिनिटं शेवटी वाढवून मिळू लागली. त्या वेळात नवीन काही लिहायचं नाही. कारणांची उत्तरं सर्वनामाने सुरू झालेली नाहीत ना आणि उपप्रश्नांचे क्रमांक बरोबर पडले आहेत ना, एवढंच तपासायचं.